कॉफी: कपातली आणि पातेल्यातली

मापात (धागाकर्ते)

कॉफीवरच्या गप्पा बहुतेक वेळा यंत्रांवर येऊन थांबतात. यंत्र कोणतंही असो, प्रश्न एकच असतो: दाण्यातलं काय, किती आणि कशात उतरवायचं. पाण्यात उतरवलं की प्यायची कॉफी, क्रीममध्ये उतरवलं की आइस्क्रीम, साखरेच्या पाकात उतरवलं की सिरप. म्हणून पिण्याची आणि स्वयंपाकातली असे दोन धागे न काढता दोन्ही एकत्रच घेतोय.

आधी पायाची मापं. भाजलेल्या दाण्याच्या वजनापैकी साधारण ३० टक्के भागच पाण्यात विरघळण्यासारखा असतो, बाकीचा चोथा. तो सगळा ३० टक्के मात्र काढायचा नसतो. दाण्याच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के उतरलं की चव जुळते, कारण उतरण्याला क्रम आहे: आधी आंबट आणि फळांसारखे सुगंध, मग गोडसर भाग, सगळ्यात शेवटी कडू आणि तुरट. लवकर थांबलं तर आंबट, पोकळ चव येते. उशिरा थांबलं तर जीभ कोरडी पडते.

१ लिटर पाण्याला ५५ ते ६५ ग्रॅम पूड धरा. म्हणजे मोठ्या कपाला २४० मिली पाणी आणि १५ ग्रॅम. हे वजनकाट्यावरच मोजा. गडद भाजलेला दाणा फुगून हलका झालेला असतो, त्यामुळे त्याच चमच्यात त्याचं वजन कमी भरतं. दाणे बदलले की चमच्याचं माप चुकलंच. पाणी ९० ते ९६ अंश सेल्सिअस. थर्मामीटर नसेल तर खळखळून उकळी आल्यावर आच बंद करून अर्धा मिनिट थांबा. हलक्या भाजलेल्या दाण्यांना जवळजवळ उकळतं पाणी चालतं, गडद दाण्यांना ८८ ते ९० पुरे.

सगळ्यात मोठा घोळ "कडक" आणि "कडू" या दोन शब्दांत होतो. कडक म्हणजे पाण्याच्या मानाने पूड जास्त. कडू म्हणजे पुडीतून नको तेवढं उतरलेलं. कॉफी कडू झाली की बहुतेक जण पुढच्या वेळी पूड कमी घालतात आणि तिथेच फसतात. कमी पुडीवर तेवढंच पाणी गेलं की प्रत्येक कणातून आणखी जास्त उतरतं, आणि कॉफी पाणचट असूनही कडू लागते. कडू लागली तर पूड तेवढीच ठेवा, दळण जाड करा. आंबट लागली तर दळण बारीक करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि ती शक्यतो दळण असू द्या.


रवाळ

दळणाचं माप शब्दांत सांगणं अवघड असतं. स्वयंपाकघरातल्या ओळखीच्या गोष्टींशी जुळवलं तर सोपं जातं. फ्रेंच प्रेस (दट्ट्या आणि जाळी असलेलं भांडं) आणि कोल्ड ब्रू (गार पाण्यात मुरवलेली कॉफी) यांसाठी जाड रवा. कागदी गाळणीतून ओतायच्या कॉफीसाठी दाणेदार साखर. मोका पॉटसाठी (आचेवर ठेवायचं, खालचं पाणी वाफेच्या दाबाने पुडीतून वर चढवणारं भांडं) बारीक मिठाहून किंचित बारीक. एस्प्रेसोसाठी (यंत्राच्या मोठ्या दाबाने काढलेली घट्ट कॉफी) चिमटीत धरल्यावर पिठासारखं चिकटेल, पण बोटं चोळली तर किंचित कण लागतील असं.

मिक्सरमध्ये दळणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते की कॉफी एकाच वेळी आंबटही लागते आणि कडूही. त्याचं कारण पातं आहे. पातं दाणा चिरत नाही, फोडत जातं. त्यात काहीचा भुगा होतो, काही तुकडे तसेच मोठे राहतात. भुग्यातून जास्त उतरतं, तुकड्यांतून कमी. चकत्यांचा ग्राइंडर (दाणे दोन चकत्यांमध्ये भरडणारा), हाताने फिरवायचा साधा असला तरी, हा दोष बराच कमी करतो. सगळा खर्च एकाच वस्तूवर करायचा असेल तर तो ग्राइंडरवर करावा, कॉफी करण्याच्या यंत्रावर नाही.

मिक्सरच असेल तर एका वेळी ३० ग्रॅमच दाणे घ्या. २-२ सेकंदांचे झटके द्या, दर झटक्यानंतर भांडं उचलून हलवा. एकूण १५ सेकंदांच्या वर जाऊ नका, पूड गरम होते. मग बारीक जाळीच्या चाळणीतून भुगा चाळून काढा. हा भुगा फेकू नका, मसाल्यासारखा चोळायला तो उत्तम असतो (त्याबद्दल इथे कुणीतरी लिहीलच).

दळताना पूड भांड्याला चिकटून उडत असेल तर दळण्याआधी दाण्यांवर पाण्याचा एकच थेंब टाकून चमच्याच्या दांड्याने हलवा. स्थिर विजेमुळे चिकटणं बरंच कमी होतं.


निवांत_घोट

मोका पॉटमधली कॉफी करपट लागते. आच मंद ठेवली, पूड बदलली, तरी तेच. चूक कुठे होत असेल?


तिसरी_उकळी

@निवांत_घोट, बहुतेक वेळा दोन जागी चूक असते: सुरुवातीला आणि शेवटी.

सुरुवात अशी. खालच्या भांड्यात गार पाणी भरून आचेवर ठेवलं की पाणी तापेपर्यंत वरची कोरडी पूडही धातूबरोबर तापत राहते. म्हणून पाणी वेगळं उकळून घ्या आणि सुरक्षा झडपेच्या खालपर्यंतच भरा. झडप पाण्यात बुडू देऊ नका. जाळीत पूड काठोकाठ भरा, बोटाने सपाट करा, पण दाबू नका. दाबली की पाण्याला वाट मिळत नाही आणि खालचा दाब वाढतो. खालचं भांडं आता गरम असेल, तेव्हा ते फडक्यात धरून वरचा भाग घट्ट पिळा.

शेवट असा. झाकण उघडं ठेवून बघा. आधी गडद, मधासारखी धार येते. ती पिवळट झाली आणि फुरफुर आवाज सुरू झाला की काम झालं. त्या क्षणी उतरवा आणि खालचं भांडं गार पाण्याच्या धारेखाली धरा. फुरफुर सुरू झाल्यावर खाली पाणी संपत आलेलं असतं, वाफच पुडीतून जाते आणि करपट चव तीच आणते. पूर्ण भांडं भरायची वाट बघणं हीच चूक सगळ्यांकडून होते.

आणखी एक. मोका पॉटमधला दाब साधारण १ ते २ बार असतो, एस्प्रेसो यंत्रात ९. अल्फोन्सो बियालेत्ती यांचं हे भांडं १९३३ मध्ये आलं, आणि त्याची कॉफी कडक असली तरी ती एस्प्रेसो नाही. जाड फेस येत नाही म्हणून दळण आणखी बारीक करत जाऊ नका. फेस येणार नाही, झडप मात्र उडेल. कृतीत "एस्प्रेसो" लिहिलं असेल तर स्वयंपाकासाठी मोकाची कॉफी बेलाशक चालते.


निवांत_घोट

फुरफुर सुरू झाल्यावरही आचेवरच राहत होती. धन्यवाद, आता लक्षात आलं. फ्रेंच प्रेसमध्ये तळाशी गाळ येतो तो कसा टाळायचा?


मापात

दट्ट्या खाली दाबायचाच नाही. ३० ग्रॅम जाड पूड, ५०० मिली पाणी, ४ मिनिटं. वर साय धरल्यासारखा थर येतो तो चमच्याने मोडा, पूड आपोआप खाली बसायला लागते. उरलेला फेस दोन चमच्यांनी काढून टाका. मग आणखी ५ मिनिटं हात लावू नका. जाड पूड तळाशी बसली की तिच्यातून फार काही उतरत नाही, त्यामुळे कडू होईल ही भीती नको. दट्ट्याची जाळी कॉफीच्या पृष्ठभागाला टेकेल इतकीच खाली आणा आणि अलगद ओता. शेवटचा घोटभर भाग भांड्यातच राहू द्या.

कागदी गाळणीत हा प्रश्नच येत नाही. शंकूच्या आकाराच्या गाळणीत कागद बसवून आधी गरम पाण्याने धुवा, कागदाचा वास जातो आणि भांडंही तापतं. १५ ग्रॅम पुडीवर आधी फक्त ४० मिली पाणी घालून ४० सेकंद थांबा. ताज्या दाण्यातला कार्बन डायऑक्साइड इथे बुडबुडे होऊन निघतो. तो आत राहिला तर पाण्याला पुडीत शिरू देत नाही. मग तीन वेळा मिळून २४० मिलीपर्यंत न्या. पहिल्या थेंबापासून निथळेपर्यंत अडीच ते साडेतीन मिनिटं लागायला हवीत. त्याहून लवकर झालं तर दळण जाड आहे, चार मिनिटांच्या वर गेलं तर बारीक. या पद्धतीची ही मोठीच सोय आहे: चव घेण्याआधीच घड्याळ चूक दाखवतं.


ओटा

यात एक तब्येतीची बाजू आहे, ती नोंदवतो. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल आणि काहवेऑल ही द्रव्यं असतात, आणि ती रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल वाढवतात. कागद ती जवळजवळ सगळी धरून ठेवतो. धातूची जाळी किंवा न गाळता उकळलेली कॉफी यांत ती उतरतात. रोज तीन-चार कप पिणाऱ्याने आणि कोलेस्टेरॉल आधीच जास्त असलेल्याने कागदी गाळणी वापरावी. फ्रेंच प्रेसची कॉफी नंतर कागदातून गाळली तरी चालते.


सायफेस

दूध घालणाऱ्यांसाठी थोडं.

कॉफीत दूध फाटतं ते आम्लामुळे आणि उष्णतेमुळे. दोन्ही एकत्र आली तरच बहुधा फाटतं. दुधातलं केसीन साध्या तापमानाला सामू (pH) ४.६ ला साखळतं, कॉफीचा सामू ५ च्या आसपास असतो, म्हणजे एरवी थोडी सवड असते. पण दूध जुनं होत आलेलं असेल तर ते आधीच आंबट झालेलं असतं, आणि गरम असताना केसीन लवकर साखळतं. हलक्या भाजलेल्या दाण्यांत आम्ल जास्त, त्यामुळे त्यांत अधिक फाटतं. बदाम आणि सोयाच्या दुधात तर ही तक्रार नेहमीचीच. त्यावर उपाय: दूध वेगळं ५५-६० अंशांपर्यंत कोमट करा, कॉफी दोन मिनिटं निवू द्या, आणि दुधात कॉफी बारीक धारेने ओता. उलट नको.

फेस ६० ते ६५ अंशांपर्यंतच चांगला राहतो. ७० च्या पुढे दुधाला उकळल्याचा वास येतो आणि गोडवा लपतो. यंत्र नसेल तर फ्रेंच प्रेसमध्ये गरम दूध तिसऱ्या हिश्शापर्यंतच भरा आणि दट्ट्या १५-२० वेळा भरभर वरखाली करा. मग भांडं ओट्यावर आपटून मोठे बुडबुडे फोडा आणि गोल फिरवा. पृष्ठभाग ओल्या रंगासारखा चकचकीत दिसायला हवा. सायीच्या दुधाचा फेस दाट आणि गोड असतो, साय काढलेल्याचा उंच पण कोरडा.

फेटलेल्या कॉफीबद्दल नेहमी विचारलं जातं: इन्स्टंट कॉफी, साखर आणि गरम पाणी प्रत्येकी २ मोठे चमचे, आणि फिकट, घट्ट होईपर्यंत फेटणं. ती फक्त इन्स्टंटचीच होते. दळलेली पूड पाण्यात विरघळत नाही, आणि केलेली कॉफी इतकी पातळ असते की बुडबुडा धरून ठेवायला त्यात पुरेसं काही नसतं. साखर कमी केली तर फेस येतो, पण लवकर बसतो, कारण पातळ पाण्यातून बुडबुडे निसटतात. भांड्याला तुपातेलाचा हात लागला असेल तर मात्र फेस धरतच नाही.


चिमूटभर

कडू कॉफीवर सगळ्यात सोपा उपाय कुणीच लिहिला नाही. चिमूटभर मीठ. सोडियममुळे जिभेवरची कडवटपणाची जाणीव दबते. खारट लागायच्या कितीतरी आधी हा परिणाम मिळतो, म्हणून कपाला मोजके चारपाच कण पुरे.


मापात

@चिमूटभर, मिठाचा परिणाम खरा आहे, पण तो झाकणारा उपाय आहे. कडू झालेल्या कॉफीत तुरटपणाही उतरलेला असतो आणि मीठ त्याला काही करत नाही. रोजच्या कपात मीठ लागत असेल तर दळण तपासा. स्वयंपाकात मात्र मी तुमच्या बाजूने आहे. कॉफीच्या प्रत्येक गोड पदार्थात मीठ हवंच.


चिमूटभर

मान्य. पुढे स्वयंपाकाचंच लिहितो, कारण त्यावर मिळणारी माहिती फार ढोबळ असते. "स्ट्राँग कॉफी घाला" एवढ्यावर पदार्थ बसत नाही.

पहिला निर्णय कॉफी कोणत्या रूपात घालायची, हा. चार रूपं आहेत: केलेली कॉफी, इन्स्टंट पूड, अख्खे किंवा जाड कुटलेले दाणे, आणि बारीक दळलेली पूड. कृतीत पाणी आहे की नाही, यावर निवड ठरते. पाणी आहे, उदाहरणार्थ चॉकलेट केकमध्ये, तर त्या पाण्याच्या जागी तेवढीच गरम कॉफी. पाण्याला जागाच नाही, उदाहरणार्थ बटरक्रीममध्ये, तर इन्स्टंट. मूळ द्रव दूध किंवा क्रीम आहे, तर दाणे त्यातच मुरवायचे. आणि दळलेली पूड तशीच फक्त तिथे, जिथे दाताखाली कण आलेले चालतील.

चॉकलेट केकसाठी २०० मिली पाण्याला १५ ग्रॅम या मापाची कॉफी करा. ती कोकोवर उकळती ओता, ढवळा आणि ५ मिनिटं ठेवा. कोको फुलतो. केकला कॉफीची चव ओळखू येत नाही, पण चॉकलेट खोल लागतं. कॉफीचाच केक हवा असेल तर ही कॉफी अपुरी पडते. २०० ग्रॅम मैद्याला ६ ते ७ ग्रॅम इन्स्टंट एका मोठ्या चमचाभर गरम पाण्यात विरघळवून घाला. मिश्रणाची चव घेताना ती थोडी जास्तच वाटायला हवी, भाजल्यावर सुगंधाचा बराच भाग भट्टीतच उडून जातो.

बटरक्रीम: ११५ ग्रॅम लोणी, २३० ग्रॅम आयसिंग शुगर, २ लहान चमचे इन्स्टंट २ लहान चमचे गरम पाण्यात. हा अर्क पूर्ण गार झाल्यावरच अर्धा अर्धा चमचा घाला. कोमट घातला तर लोणी वितळून सगळं सैल होतं, आणि एकदम घातला तर पाणी वेगळं होऊन मिश्रण दही फुटल्यासारखं दिसतं. तसं झालंच तर भांडं क्षणभर कोमट पाण्यावर धरा, कड जराशी मऊ होताच पुन्हा फेटा. जुळून येतं.

आता मला सगळ्यात प्रिय असलेला प्रकार: क्रीममध्ये अख्खे दाणे गार मुरवणं. ५०० मिली दूध-क्रीममध्ये ५० ग्रॅम दाणे. खलबत्त्यात प्रत्येक दाण्याचे दोन-तीन तुकडे होतील इतकेच ठेचा, भुगा नको. झाकून १२ ते १६ तास फ्रीजमध्ये. गाळल्यावर क्रीम जवळजवळ पांढरंच राहतं आणि वास मात्र ताज्या भाजलेल्या दाण्यांचा. सुगंधी तेलं स्निग्धात सहज उतरतात आणि गारव्यात कडू भाग मागे राहतो, म्हणून हे साधतं. गरम क्रीममध्ये २० मिनिटांत काम होतं, पण रंग तपकिरी येतो आणि चव कडवट बाजूला झुकते. पाना कोट्टा, कस्टर्ड, आइस्क्रीम, नुसतं फेटलेलं क्रीम, कशालाही हे वापरा. एक ध्यानात ठेवा: दाणे द्रव पितात. गाळल्यावर पुन्हा मोजा आणि कमी पडलं तेवढं ताजं क्रीम घालून माप पूर्ण करा. हे चुकलं की कस्टर्ड घट्ट होतं आणि दोष बिचाऱ्या अंड्यांवर जातो.

सिरप झटपट होतं. २०० मिली कडक कॉफी, २०० ग्रॅम साखर, साखर विरघळेपर्यंतच गरम करा. उकळत ठेवू नका. फ्रीजमध्ये दोन आठवडे.


रवाळ

इन्स्टंटची इतकी शिफारस पटत नाही. चांगले दाणे असताना पदार्थात इन्स्टंट का घालायची? मोकाची कॉफी आटवून घट्ट केली तर?


चिमूटभर

आटवून बघा आणि चाखा, उत्तर मिळेल. सुगंध पाण्याच्या वाफेबरोबर पहिल्यांदा जातो. शिवाय तापत राहिलेल्या कॉफीत क्विनिक आम्ल वाढतं, म्हणून बराच वेळ गरम ठेवलेली कॉफीही आंबट-कडू होते. आटवलेल्या कॉफीत तेच घट्ट होऊन उरतं. इन्स्टंट म्हणजे पाणी काढून टाकलेली कॉफीच. कारखान्यात ते पाणी गोठवून किंवा फवारून काढतात, घरच्या पातेल्यात तसं निघत नाही. कपात मीही इन्स्टंट घेणार नाही. पण लोण्यात, आयसिंगमध्ये, मेरँगमध्ये दुसरा मार्ग नाही. गोठवून सुकवलेली घ्या, फवारून सुकवलेलीपेक्षा तिच्यात सुगंध जास्त टिकतो.


ओटा

वितळलेल्या चॉकलेटमध्ये चमचाभर कॉफी घातली आणि त्याचा रवाळ गोळा झाला, असं का होतं? टाकून द्यावं लागतं का?


सायफेस

टाकू नका. चॉकलेटमध्ये साखर आणि कोकोचे कोरडे कण कोको बटरमध्ये पसरलेले असतात. थोडंसं पाणी शिरलं की साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात. पाणी फार कमी असल्यामुळे हे होतं, म्हणून उपाय उलटा आहे: आणखी द्रव. वजनाच्या निदान चौथ्या हिश्शाइतकी गरम कॉफी किंवा क्रीम (१०० ग्रॅमला २५ मिली, गडद चॉकलेटला जरा जास्त) थोडं थोडं घालून ढवळत राहा, पुन्हा गुळगुळीत होतं. फक्त त्याचा आता सॉस किंवा गनाशच होईल, साचात घालून कडक वड्या पडणार नाहीत. वड्यांसाठी चॉकलेटला कॉफीची चव द्यायची असेल तर अगदी बारीक दळलेली कोरडी पूडच घाला, १०० ग्रॅमला १ ते २ ग्रॅम.


तिसरी_उकळी

कॉफीच्या जेलीबद्दल राहिलं. अगार (चायना ग्रास) उकळल्याशिवाय विरघळत नाही आणि कॉफी उकळायची नाही, ही अडचण. सोडवायची अशी: १५० मिली पाण्यात ४ ग्रॅम अगार पूड घालून २ मिनिटं उकळा, आच बंद करा, त्यात ३५० मिली गरम कडक कॉफी आणि चवीपुरती साखर. कॉफी गरमच हवी. अगार ४० अंशांच्या खाली घट्ट व्हायला लागतं, गार कॉफी ओतली तर गुठळ्या झाल्याच. जिलेटिन वापरत असाल तर ५०० मिलीला १० ग्रॅम, थंड पाण्यात १० मिनिटं भिजवून गरम कॉफीत विरघळवा. त्याला उकळी लागत नाही, पण मग जेली बाहेर ठेवली की सैल पडते. अगारची टिकते.


रवाळ

तिखटामिठाच्या पदार्थांत कॉफी कमी वापरली जाते, याची खंत वाटते. चाळून काढलेला भुगा इथे कामी येतो. २ मोठे चमचे बारीक गडद पूड, १ मोठा चमचा ब्राउन शुगर, २ लहान चमचे मीठ, १ लहान चमचा तिखट, १ लहान चमचा जिरेपूड, अर्धा चमचा मिरपूड. हे किलोभर मांसाला पुरतं. मशरूम, बीट, गाजर यांना आधी तेलाचा हात लावून चोळा. तासभर मुरू द्या.

अडचण करपण्याची. कॉफी आधीच भाजलेली आहे, वर साखर. धूर निघणाऱ्या तव्यावर दोन मिनिटांत कोळशाची चव येते. भट्टी १८० ते २०० अंश, तवा असेल तर मध्यम आच आणि जाड तळ. मांसाचा मोठा तुकडा असेल तर चोळणं पातळच ठेवा. जाड थर आतून कच्चा आणि वरून करपलेला राहतो.

रश्श्यात, कडधान्यांत, खूप वेळ शिजणाऱ्या मांसात केलेली कॉफी घालायची तर लिटरभर रश्श्याला १०० ते १२० मिली, शेवटच्या अर्ध्या तासात. आधीपासून घातली तर वर लिहिल्याप्रमाणे आंबट-कडू होते. टोमॅटो, परतलेला कांदा, सुकी लाल मिरची यांच्याशी तिचं छान जमतं, कारण कांद्याचा गोडवा कडवटपणाला आधार देतो. फक्त हलक्या भाजलेल्या दाण्यांची कॉफी रश्श्यात नको. तिचा फळांसारखा आंबटपणा तिथे परका वाटतो.


निवांत_घोट

भाजलेल्या पदार्थात कॅफीन उडून जातं का? मुलांना कॉफीचा केक द्यावा की नाही, म्हणून विचारतोय.


ओटा

उडत नाही. केकचा आतला भाग १०० अंशांच्या आसपासच राहतो आणि त्या तापमानाला कॅफीन हलत नाही. हिशेब करता येतो. इन्स्टंट पुडीत साधारण ३ टक्के कॅफीन धरा. वरच्या केकमधल्या ७ ग्रॅममध्ये २१० मिलिग्रॅम, १२ तुकडे केले तर प्रत्येकी १७-१८. एका मोठ्या कप कॉफीत ९५ च्या आसपास असतं. म्हणजे केकच्या तुकड्यात थोडं असतं, पण दाणे मुरवलेलं आइस्क्रीम किंवा कॉफीत बुडवलेल्या बिस्किटांचा तिरामिसू यांत कितीतरी जास्त असू शकतं. लहान मुलांसाठी डीकॅफ (कॅफीन काढून टाकलेली) इन्स्टंट वापरा, चवीत फारसा फरक पडत नाही. डीकॅफमध्ये कॅफीन अगदी शून्य नसतं, नगण्य असतं.

युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि गरोदरपणात २०० पर्यंत ही मर्यादा सुरक्षित मानली. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं शरीराबाहेर पडायला साधारण ५ तास लागतात, तेव्हा रात्रीच्या जेवणानंतरचा कॉफीचा गोड पदार्थ झोपेच्या हिशेबात धरा. आणि दाण्यांची जात बघा: रोबस्टात अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफीन असतं.


सायफेस

गार कॉफीचं थोडक्यात. कोल्ड ब्रू: १०० ग्रॅम जाड पूड, ८०० मिली पाणी, फ्रीजमध्ये १४ ते १८ तास, आधी फडक्यातून आणि मग कागदातून गाळा. फडकं पिळू नका, गाळ उतरतो. पिताना तेवढंच पाणी किंवा दूध घाला. आठवडाभर राहते. तिच्यात आंबटपणा कमी असतो, पण सुगंधही कमी असतो, कारण गार पाण्यात तो नीट उतरतच नाही. सुगंध हवा असेल तर २० ग्रॅम पुडीची २०० मिली गरम कॉफी थेट १२० ग्रॅम बर्फावर गाळा. बर्फ वितळून माप आपोआप पुरं होतं. उन्हाळ्यात मला हीच जास्त आवडते.


तिसरी_उकळी

पाणी आणि साठवण या दोन गोष्टींवाचून वरचं सगळं अर्धवट राहतं.

आरओचं पाणी फार मऊ असेल तर कॉफी सपाट, आंबटसर लागते, कारण चव ओढून काढायला लागणारं मॅग्नेशियम आणि कॅल्शियम त्यात नसतं. फार जड पाण्यातले बायकार्बोनेट उलट सगळं आम्ल मारतात आणि कॉफी खडूसारखी लागते. दोन्ही पाणी उपलब्ध असेल तर निम्मं निम्मं मिसळून बघा. क्लोरीनचा वास येणारं पाणी उघडं उकळा.

दाणे भाजल्यानंतर ५-७ दिवसांनी उघडावेत आणि महिनाभरात संपवावेत. उघडलेली पिशवी फ्रीजमध्ये ठेवू नका. दर वेळी बाहेर काढली की गार दाण्यांवर दव धरतं आणि शेजारचे वासही दाणे ओढून घेतात. जास्त साठवायचे तर आठवड्यापुरत्या पुड्या हवाबंद करून फ्रीझरमध्ये टाका, आणि पुडी बाहेर काढल्यावर घराच्या तापमानाला आल्यावरच उघडा. दळलेली पूड मात्र साठवायच्या फंदात पडू नका.


ओटा

भांड्यांबद्दलही लिहायला हवं. कॉफीचं तेल जाळीला आणि रबराच्या चकतीला धरून बसतं, खवट होतं आणि प्रत्येक नव्या कपात उतरतं. फ्रेंच प्रेसची जाळी आठवड्यातून एकदा सुटी करून गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्यात १५ मिनिटं बुडवा. ॲल्युमिनियमच्या मोका पॉटला सोडा किंवा डिशवॉशरची पावडर लावू नका, तो काळा पडतो. गरम पाणी आणि मऊ स्पंजच पुरे, आणि पूर्ण वाळल्याशिवाय जोडून ठेवू नका. किटलीत चुना धरला असेल तर १ लिटर पाण्यात २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, उकळून अर्धा तास, मग दोन वेळा साधं पाणी उकळून ओता.

चोथा सिंकमध्ये टाकू नका, नळीच्या वाकणात तो सिमेंटसारखा बसतो. कुंडीत घालायचा तर आधी कंपोस्टमध्ये मिसळा, मातीवर नुसता जाड थर दिला की पापुद्रा धरतो आणि पाणी खाली जात नाही.


मापात

उरलेल्या कॉफीचा प्रश्न व्यनितून (खाजगी निरोपातून) दोघांनी विचारला, म्हणून इथेच. दूध न घातलेली असेल तर बर्फाच्या साच्यात गोठवा, गार कॉफीत साध्या बर्फाऐवजी हेच तुकडे घाला म्हणजे ती पाणचट होत नाही. रश्श्यालाही पाच-सहा तुकडे बरोबर होतात, एक तुकडा साधारण २० मिली धरा. दूध घातलेली असेल तर त्याच दिवशी फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा, पुन्हा उकळू नका.